थोरली, मधली, धाकटी आणि शेजारीण

तुम्ही रस्त्यानं चालला आहात आणि मागून एक मुलगी तुमची पावलं वहीत उतरवत येते आहे, हे लक्षात आलं तर तुम्ही काय कराल? थांबून जाब विचाराल, की गुपचूप चाल बदलाल?

दहा वर्षांच्या अनुभवावरून सांगते, शंभरातले नव्वद चाल बदलतात. जाब विचारणारे थोडे. ज्यांनी विचारायला हवा होता, त्यांनी तर कधीच विचारला नाही.

ती मुलगी मी. आता मुलगी म्हणायचं वय राहिलं नाही आणि टाचाही दुखतात. आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी हे काम धरलं आणि गेल्या वर्षी सोडलं. दिवाळी अंकाच्या संपादकांनी ‘तुमच्या त्या चालण्याच्या प्रयोगांबद्दल लिहा’ म्हणून दोनदा पत्र पाठवलं. पहिल्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. दुसऱ्याला देते आहे, त्याला एक कारण आहे. ते शेवटी येईल.

आधी काम काय होतं ते सांगते, कारण माझ्या आईलाही ते शेवटपर्यंत कळलं नाही. “पोरगी काय करती?” असं कुणी विचारलं की ती म्हणायची, “चालती.”

मालिनीताई बेळगावात टिळकवाडीतल्या एका शाळेत शिकवायच्या. लहानपणापासून नाच शिकलेल्या, पण रंगमंचावरच्या देवादिकांना कंटाळलेल्या. त्यांचं म्हणणं असं, की माणसाची सगळी हकिगत त्याच्या चालण्यात असते, आपण ती वाचत नाही. म्हणून आम्ही आधी एखाद्या माणसाबरोबर चालायचं. एक दिवस नव्हे, दहा-पंधरा दिवस. मी त्याची पावलं वहीत मांडायची : कुठला पाय आधी, कुठं अडखळ, कुठं श्वास. मग मालिनीताई ती पावलं स्वतःच्या अंगात घ्यायच्या, त्यातून नाच बसवायच्या, आणि त्या पावलांच्या मापानं मी शब्द लिहायची. शब्दांची परीक्षा एकच. चालता चालता म्हणता आला तर ठेवायचा, धाप लागली तर खोडायचा. मग हलगीवाला, आणखी तीन मुली आणि आम्ही दोघी असा तो प्रयोग रस्त्यावर करायचो. बघणाऱ्यांनीही आमच्याबरोबर चालायचं. खुर्च्या नाहीत, पडदा नाही. निपाणीत आम्हाला ‘पायवाल्या’ म्हणत.

त्या परीक्षेत माझे फार शब्द मेले. मी निपाणीच्या बौद्ध वस्तीतली. अण्णा, म्हणजे माझे वडील, छापखान्यात पायानं चालवायच्या ट्रेडल मशीनवर होते. सभांची, संपांची, जयंतीची पत्रकं ते छापायचे आणि बिघडलेले कागद घरी आणायचे. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली आणि छापील बाजूवर वाचायला शिकले. त्यामुळे माझ्या पहिल्या चार प्रयोगांत ‘शोषण’, ‘प्रस्थापित’, ‘क्रांती’ असे सगळे पाहुणे हजर असायचे. मालिनीताई मला अनगोळच्या चढावर न्यायच्या आणि म्हणायच्या, “म्हण आता.” अर्ध्या चढावर ‘प्रस्थापितांच्या’ म्हणताना मला दम लागायचा. त्या वर पोचून पाणी पीत उभ्या असायच्या. “तुझी क्रांती चढ चढत नाही गं,” म्हणायच्या. मला राग यायचा. पण शब्द खोडायची.

पहिलं मोठं काम निपाणीतच केलं, तंबाखूच्या वखारीतून सुटणाऱ्या बायकांबरोबर. त्या सुटल्या की अंगाला, केसांना तंबाखूची पूड असायची आणि रस्ताभर शिंका. मी वही घेऊन मागून निघाले. तिसऱ्या दिवशी एकीनं वळून विचारलं, “कुणाची गं तू? मुकादमानं धाडलीया व्हय, आम्हास्नी मोजायला?”

“न्हाय मावशी, मी नाटकवाली.”

“मग नाटक कर की. आमच्या पाठीमागं काय सांडलंय?”

सगळ्या हसल्या. मग तीच म्हणाली, “मागनं चाललीस तर धूळच खाशील बघ. बरोबर चल.”

बरोबर चालले तेव्हा कळलं, की सकाळी कामाला जातानापेक्षा या बायका संध्याकाळी दुप्पट वेगानं चालतात. सकाळी मुकादम वाट बघत असतो, संध्याकाळी चूल. त्या प्रयोगाला वखारीसमोर एवढी गर्दी झाली की मला वाटलं, आता जग बदलायला फार वेळ लागणार नाही. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते.

गिऱ्हाइकंही तऱ्हेतऱ्हेची भेटली. सांबऱ्याच्या एका गृहस्थांनी भावाच्या वरातीपुढं ‘ते तुमचं पायांचं’ करा म्हणून सुपारी आणली होती. बेळगावात परवानगी काढायला गेलो तेव्हा कारकुनानं विचारलं, “कार्यक्रम कुठल्या भाषेत?” आमच्या सीमाभागात हा प्रश्न साधा नसतो. मराठी म्हटलं तर एक टेबल रागावतं, कन्नड म्हटलं तर बाहेर उभी असलेली आपलीच माणसं. मालिनीताई म्हणाल्या, “पायांच्या.” त्यानं आमच्याकडं एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि अर्जावर लिहिलं : ‘इतर’. दहा वर्षं आम्ही ‘इतर’मध्येच राहिलो.

टिळकवाडीतल्या एका निवृत्त हेडमास्तरांचं सांगायलाच हवं, कारण पुढच्या गोष्टीत ते परत येणार आहेत. ते रोज सकाळी फिरायला जात आणि रस्त्याच्या अगदी उजव्या कडेनं, जवळजवळ गटाराला घासून चालत. डावीकडं एका माणसाची जागा मोकळी. पाच-सहा दिवसांनी कळलं, की त्या जागेतून त्यांच्या पत्नी चालत असत. त्या जाऊन दोन वर्षं झाली होती. मालिनीताईंनी त्यावर फार सुंदर नाच बसवला, मी चार ओळी लिहिल्या आणि त्यांना घरी जाऊन वाचून दाखवल्या. सरांनी चष्मा काढला. म्हणाले, “छान आहे. पण डावीकडचं लिहू नका. ते माझं आहे.”

आम्ही दोघींनी एका शब्दानं वाद घातला नाही. ओळी तिथंच फाडल्या, प्रयोग सोडून दिला, चहा घेऊन परत आलो.

आता वडगावची गोष्ट.

बेळगावच्या वडगाव-शहापुरात घरोघरी हातमाग होते. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून विणकर बसतो. हातानं आडव्या दोऱ्याचा धोटा इकडून तिकडं फेकायचा आणि खड्ड्यातल्या लाकडी फळ्या पायानं दाबायच्या. फळी दाबली की काही उभे दोरे वर उचलले जातात, आडवा दोरा त्यांच्या खालून निघतो. बघणारे हाताकडं बघतात, कारण हात दिसतात. पण काठावर काय उठणार हे पाय ठरवतात. कुठली फळी कुठल्या फळीनंतर आणि किती वेळा, यातच सगळं आलं. त्या गल्लीत दोरे ओवायची रीत सगळ्या घरांत एकच होती. वेगळी असायची ती फक्त पायांची.

हे सगळं मला आज माहीत आहे. तेव्हा एवढंच माहीत होतं की मला एका जागी बसून चालणारी बाई सापडली आहे.

त्यांना मी इथं पार्वताक्का म्हणते. पन्नाशीच्या, कपाळभर कुंकू, गुडघे सुजलेले. नवरा वारलेला, मागावर एकट्या. समोरच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये यंत्रमाग आले होते आणि त्यांच्या खडखडाटात आक्काचं बोलणं ऐकायला वाकावं लागायचं. गल्लीतले निम्मे खड्डे बुजले होते. आक्काचा चालू होता, कारण त्यांच्या सासूकडून आलेला एक काठ होता. बारीक, पायऱ्या पायऱ्यांचा. तो यंत्रावर कुणाला उतरवता आला नव्हता. ठरावीक घरच्या बायका लग्नात तोच काठ मागायच्या. आक्काचं पोट म्हणजे तो काठ.

पहिल्या दिवशी मी उंबऱ्याशी उभी राहिले. कुठली, कुणाची, हे विचारून झालं. मी आडपडदा न ठेवता वस्ती सांगितली. आक्कांनी हातातला धोटा खाली ठेवला आणि म्हणाल्या, “आत ये की. बघायला काय पडतंय?” चहा त्याच कपात दिला ज्यात त्या पीत होत्या. मी त्या कपावर भाळले. आपली माणसं, म्हटलं. आपल्याला इथं दार ठोठावायची गरज नाही.

तीन आठवडे मी खड्ड्याच्या काठाशी बसले. फळ्या चार, आणि आक्कानं त्यांना नावं ठेवली होती : थोरली, मधली, धाकटी आणि शेजारीण. “शेजारीण का?” म्हटलं तर म्हणाल्या, “कवा बी मधी येती.” विणताना त्या ओठातल्या ओठात नावं पुटपुटायच्या. मी ती जशीच्या तशी वहीत उतरवली. माझ्या आयुष्यात मी एवढं चोख लिखाण केलं नव्हतं. ते वाचताना वाटायचं, एका घरातल्या चार बायका आळीपाळीनं उठतायत, बसतायत, रुसतायत. मला एक शब्दही घालावा लागला नाही. चढावर म्हणून बघितलं, धाप लागली नाही.

आणखी एक गोष्ट मी टिपली होती. गल्लीतलं कुणी दारात आलं की आक्का शेजारची वाकळ ओढून मांडीवर घ्यायच्या आणि खड्ड्यावर पसरायच्या. पाय थांबायचे, बोलणं चालायचं. माणूस गेलं की वाकळ बाजूला. मी वहीत लिहिलं : ‘वाकळ पसरण्याची हालचाल अतिशय देखणी, नाचात घ्यावी.’ माझ्यासमोर त्या कधी वाकळ ओढत नव्हत्या, याचा अर्थ मी लावला नाही. मी विणकर नव्हते, म्हणून माझ्यापुढं झाकायची गरज नव्हती. एवढाच त्याचा अर्थ होता.

प्रयोग त्याच गल्लीत केला, संध्याकाळी, शेड सुट्टीमुळं बंद होती तेव्हा. मी आदल्या दिवशी निपाणीला जाऊन अण्णांकडून पत्रक छापून आणलं होतं. वर मोठ्या टायपात, ‘ज्ञान कुणाच्या मालकीचं नसतं’. खाली ते पूर्ण गाणं, पहिल्या पावलापासून शेवटच्यापर्यंत. लोकांनी वाचत वाचत आमच्याबरोबर पाय टाकावेत म्हणून. अण्णांनी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवताना विचारलं होतं, “बाईस्नी दाखीवलंस का?”

“त्यांचंच आहे ते अण्णा. त्यांना काय दाखवायचं?”

“छापलं की मग कुणाचंच ऱ्हात न्हाय, बाळ,” ते म्हणाले आणि मशीन सुरू केलं.

गल्ली भरली होती. मालिनीताई आणि तिघी मुली ओळीत उभ्या राहिल्या, एकेक जण एकेक फळी. हलगी वाजली. थोरली, थोरली, धाकटी... पुढचा क्रम मी इथं लिहीत नाही. आक्का पुढंच बसल्या होत्या. पहिल्यांदा हसल्या, शेजारच्या बाईला कोपर मारलं. मग मालिनीताईंनी वाकळ पसरल्याची हालचाल केली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत मी आक्कांकडं बघितलं. त्यांनी डोक्यावरचा पदर काढून मांडीवर घेतला होता आणि दोन्ही हातांनी तो पायांवर, थेट जमिनीपर्यंत ओढत होत्या.

रात्री वहीत मी लिहिलं : ‘आक्का भारावून गेल्या.’ ती वही अजून आहे. ते पान मी फाडलेलं नाही.

पाच-सहा महिन्यांनी बेळगावच्या बाजारात एका दुकानाबाहेर साड्या टांगलेल्या दिसल्या. बारीक, पायऱ्या पायऱ्यांचा काठ. दर आक्काच्या साडीच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. मी उलटी बाजू बघितली. दोरे लोंबत होते, पण काठ तोच.

मी तडक वडगावला गेले, आधी शेडमध्ये. तिथला जॉबर, म्हणजे यंत्रमाग लावून देणारा, दुरुस्त करणारा माणूस, त्याच गल्लीत वाढलेला. मी चढ्या आवाजात विचारलं, आक्काचा काठ चोरलास का? तो तेलाचे हात पुसत शांतपणे म्हणाला, “चोरलं कसं म्हणतासा ताई? तुम्हीच वाटलासा की कागद.”

मागाशेजारी भिंतीला खिळा ठोकून माझं पत्रक टांगलेलं होतं. तेलानं पारदर्शक झालेलं. प्रत्येक नावाखाली पेन्सिलीची रेघ. यंत्रमागावर दोरे उचलायचा क्रम लाकडी पट्टीवर खुंट्या ठोकून द्यावा लागतो. त्यानं माझं गाणं वाचत वाचत एकेक खुंटी बसवली होती.

“माझी आई बी फळ्यास्नी हीच नावं ठेवायची,” तो म्हणाला. “लई बरूबर लिवलंया हो तुम्ही. एक बी चूक न्हाय.”

लिहिणाऱ्याला असा वाचक आयुष्यात एकदा भेटतो. मला तो तिथं भेटला.

त्याच्यावर तरी काय रागवायचं? त्याच्या आईचा खड्डा आमच्याही आधी बुजला होता. मी शेडच्या मालकाविरुद्ध पत्रक काढायचं ठरवलं, मथळाही सुचला. मग आठवलं, मथळा आधीच छापून झाला आहे : ज्ञान कुणाच्या मालकीचं नसतं. खाली माझं नाव.

रस्ता ओलांडून आक्काकडं गेले. त्या रिकाम्या मागाशी तांदूळ निवडत होत्या. मी रडायला लागले. त्या म्हणाल्या, “रडू नगं. च्या ठेवते.”

“आक्का, तुम्ही तेव्हाच का बोलला नाहीत? प्रयोगाच्या वेळी?”

“काय बोलू? एवढी लोकं टाळ्या वाजवीत हुती. तू बी किती खुशीत हुतीस.” मग तांदळातला खडा टाकत म्हणाल्या, “तू इचारलं न्हाईस, मी सांगिटलं न्हाय. मला वाटलं पोरगी पाय बघतीया. पाय काय कुणी बी बघतंय. तू मोजतीस हे मला कुठं ठावं?”

परत येताना बसमध्ये मला हेडमास्तर आठवले. त्यांना आम्ही घरी जाऊन वाचून दाखवलं होतं. त्यांनी ‘ते माझं आहे’ म्हटल्याबरोबर कागद फाडला होता. आक्कांना दाखवावं असं माझ्या मनातही आलं नाही. टिळकवाडीच्या बंगल्यातल्या दुःखाला मालक असतो, वडगावच्या खड्ड्यातली पावलं मात्र ‘जनतेची’. हे कुठल्या पत्रकात लिहिलेलं नव्हतं. ते माझ्या आतच होतं. मजुराच्या घरात जन्मून, त्याच कपातून चहा पिऊन, मी तेच केलं जे वरचे लोक आमच्या आज्या-पणज्यांच्या बाबतीत करत आले. बघितलं, घेतलं, आणि वर टाळ्या मिळवल्या.

त्या वर्षअखेरीस आक्काचा खड्डा बुजला. त्या समोरच्याच शेडमध्ये कांड्या भरायला, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर सूत गुंडाळायला, जाऊ लागल्या. आम्ही पुढंही प्रयोग केले, आधी विचारून, दाखवून, ‘नाही’ म्हटलं तर सोडून. मालिनीताईंची बदली झाली, मुलींची लग्नं झाली, हलगीवाला बँडमध्ये गेला. माझी चाल मंदावली. कुणाच्याही मागून चालताना आता मला त्याच्या पायांपेक्षा माझी वहीच जड वाटायची.

मात्र ते गाणं थांबलं नाही. पत्रक हातोहात गेलं होतं. शाळांच्या गॅदरिंगमध्ये, कलापथकांत, तळकोकणापासून कोल्हापूरपर्यंत चार मुली ओळीत उभ्या राहतात आणि थोरली, मधली, धाकटी, शेजारीण नाचतात. कुणी त्याला लोकगीत म्हणतं. गेल्या डिसेंबरात एका शाळेत पाहुणी म्हणून गेले होते, तिथंही झालं. मुलींनी एक पाऊल चुकवलं नाही.

म्हणून संपादकांचं दुसरं पत्र आल्यावर मी वडगावला गेले. आक्का शेडमधून सुटून दारात बसल्या होत्या. बोलताना त्यांचे पाय जमिनीवर दाबत होते, उजवा, डावा, डावा. मी नजर वर घेतली आणि तिथंच ठेवली.

म्हटलं, “आक्का, हे सगळं लिहू का? तुम्हाला विचारायला आले.”

“इचारायला शिकलीस म्हण की.” त्या हसल्या. “लिव्ह. नाव माझं घालू नगंस. दुसरं कायतरी घाल, चांगलं.”

“आणि ते गाणं? सगळीकडं नाचतात ते. बंद करा म्हणून लिहू?”

शेडचा दुसऱ्या पाळीचा खडखडाट सुरू झाला. मग मला जवळ ओढून कानात म्हणाल्या, “नाचू देत की पोरी. चांगल्या दिसत असतील. खरं, शेवटलं पाऊल तेवढं टाकू नगा म्हणावं. त्येच्यानंच काठ मिटतुया. सासूनं मला ते सगळ्यात शेवटी दावलं, पाच वर्सं नांदल्यावर. तेवढं माझं असू दे.”

ते पाऊल कोणत्या फळीवर पडतं हे मी इथं लिहिणार नाही. ज्यांच्याकडं माझं पत्रक आहे त्यांना ते ठाऊकच आहे, आणि हा लेख त्यांच्यासाठीच आहे. यंत्राच्या पट्टीवरची ती खुंटी आता कुणी उपटणार नाही. माझ्या हातात उरलंय ते एवढंच, आणि ते खरं तर तुमच्या पायांत आहे.

तर येत्या गॅदरिंगला तुमच्या शाळेत, तुमच्या गल्लीत मुली हे गाणं नाचणार असतील, तर त्यांना नाचू द्या. हलगी शेवटपर्यंत वाजू द्या. फक्त शेवटच्या ठोक्याला त्यांना सांगा, पाय उचला आणि तसाच वर धरा. खाली टेकवू नका.